खिंडीतली जीभ

तुम्ही आता एक करा. कानांत कापसाचे बोळे घट्ट बसवा आणि आरशासमोर जाऊन उभे राहा. आवाज बिलकूल काढायचा नाही, नुसतं तोंड हलवायचं. म्हणा, कान. आता म्हणा, नाक. काय दिसलं? तोंड एकदा उघडलं, थोडं मिटलं, बस्स. दोन्ही वेळा जवळपास तेच. जीभ आत काय करते ते दातांच्या भिंतीमागे राहतं. पुन्हा करून बघा, घाई नाही. आता असं धरून चला की आरशात तुम्ही नाहीच, दुसरंच कुणी आहे. ते माणूस तुम्हाला काहीतरी सांगतंय, आणि कानातला कापूस काही केल्या निघत नाही, कारण तो कुणी घातलेलाच नाही. तुम्ही जन्मलातच तसे. ते माणूस एकदा सांगतं, दोनदा सांगतं, मग त्याच्या कपाळावर आठी येते. ती आठी मात्र तुम्हाला स्पष्ट कळते.

एवढं जमलं असेल तर एका वर्गात या. ही ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा आहे. खोली लहान, बाकं अर्धवर्तुळात, म्हणजे प्रत्येकाला शिकवणाऱ्याचं तोंड दिसावं. खिडकी मुलांच्या पाठीशी आहे, त्यामुळे उजेड सगळा सरांच्या चेहऱ्यावर पडतो. सर आयुष्यभर असेच बसत आले आहेत, उजेड तोंडावर घेऊन, डोळे किलकिले करून. निवृत्ती आता हाताच्या अंतरावर आली आहे. सकाळचा पहिला तास एकाच मुलीचा असतो. तिला काही कळलं नाही की तिची डावी भुवई वर जाते, म्हणून शाळेत तिला सगळे भुवई म्हणतात. मुलं तर हातानंच म्हणतात, बोट कपाळाकडे नेऊन. त्या सकाळी सर नेहमीसारखे बसले आणि रोज विचारायचे तेच त्यांनी विचारलं, "काल घरी काय केलंस?" आणि भुवई वर गेली.

सरांना आधी वाटलं, झोप पूर्ण झाली नसेल. त्यांनी परत विचारलं. भुवई वरच. तिसऱ्यांदा विचारताना त्यांच्या तोंडात 'केलंस'मधला स शीळ घालत बाहेर पडला आणि त्यांना आठवण झाली. म्हणजे विसरले होते असं नाही. टाळूला चिकटलेला तो गुलाबी तुकडा कुणी विसरूच शकत नाही. पण आपल्याला बोचतंय ते समोरच्याला दिसतंय, हे मात्र त्यांच्या ध्यानात नव्हतं आलं. वरचे पुढचे चार दात नवे होते. कालच बसवलेले. दोन्ही बाजूंच्या खऱ्या दातांना तारेचे आकडे घालून अडकवलेले, पांढरे, सरळ, आज्ञाधारक. आरशात बघताना सरांना वाटलं होतं, आपल्या तोंडात कुणाची तरी रांगेत उभी केलेली मुलं आहेत.

हे दात जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. वर्गातला मोठा आरसा, ज्यात मुलं आपली जीभ कुठे लागते ते बघून शिकतात, तो दुसऱ्या वर्गातून परत आणताना सर जिन्यात घसरले. हात सोडले असते तर आरसा गेला असता. त्यांनी हात सोडले नाहीत आणि तोंडावर पडले. आरशाला ओरखडासुद्धा आला नाही. "आरसा वाचवलात ते बरं केलंत," बायको म्हणाली होती, "आता रोज त्यात बघा." तेव्हापासून ती मागे लागली होती. अहो, दात बसवा. अहो, लोक काय म्हणतील. अहो, तुम्ही हसलात की मला माझ्या आजोबांची आठवण येते. सर म्हणत, तुझे आजोबा भले माणूस होते. ती म्हणे, होते ना, पण मी त्यांच्याशी लग्न केलं नव्हतं. या वादाला शेवट नव्हता. बिस्किट चहात भिजवून खाता येतं, सफरचंदाच्या चकत्या करून खाता येतात, आणि बोलायचं म्हणाल तर सरांचं बोलणं ज्यांच्यासाठी होतं त्यांना ते ऐकूच येत नव्हतं. मग दात कशाला? पण रोजच्या त्या 'अहो'ला कंटाळून ते शेवटी गेले. मोठे निर्णय त्यांनी बहुतेक कंटाळूनच घेतले होते, आणि तरी ते इतके काही वाईट ठरले नव्हते.

दातांची डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिनं तीन मार्ग सांगितले. हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात. सर म्हणाले, भिंतीत खिळा ठोकतात तसं? ती म्हणाली, तसंच काहीसं, पण काका, तुमचं हाड तिथं पातळ आहे, आधी हाड भरावं लागेल, महिने जातील. दुसरा मार्ग ब्रिज, म्हणजे शेजारचे दात तासून त्यांच्यावर पूल टाकायचा. "शेजाऱ्यांनी काय गुन्हा केला?" सर म्हणाले. ती हसली नाही. तिला हे रोज कुणी ना कुणी म्हणत असणार. तिसरी काढती कवळी. काढता येते, या एका गोष्टीवर सरांनी ती निवडली. "मग द्या तीच." "काढता येते म्हणजे काढून ठेवायची नसते, काका. दिवसभर घालायची. सुरुवातीला बोलताना जड जाईल. मोठ्यानं वाचत जा. साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणत जा." सर खुर्चीत आडवे, तोंडात तिची बोटं, उत्तर देता येत नव्हतं. आयुष्यभर मी मुलांना बोलायला शिकवलं, आणि ही पोरगी मला सदुसष्ट म्हणायला शिकवतेय. घरी आल्यावर ते बाथरूमचं दार लावून सदुसष्ट म्हणाले. अडुसष्ट म्हणाले. नळाखालच्या बादलीत थेंब पडावेत तसे स ओघळत होते. बाहेरून बायको म्हणाली, "कोण आलंय आत?"

आणि आता ही भुवई. सरांनी चिडून रुमाल काढला, तोंडाला लावला, अंगठ्यानं आकडा खाली ओढला आणि कवळी काढून रुमालात गुंडाळली. जीभ मोकळी झाली. घट्ट बूट काढल्यावर पाय पसरावा तशी पसरली. "काल घरी काय केलंस?" ते म्हणाले. मुलीचा चेहरा लगेच उघडला. मामा आला होता, ती म्हणाली, थोडं आवाजानं, थोडं हातानं. मामाची मोटार बंद पडली, सगळ्यांनी ढकलली, मी पण, मामा नुसता आत बसून होता. ती हसली. सरही हसले, दातांतल्या खिंडीसकट. कवळीला हरवल्याचा एक लबाड आनंद त्यांना झाला. घरी जाऊन बायकोला सांगता येईल, बघ, माझ्या विद्यार्थ्यांनीच नाकारले तुझे दात. हे वाक्य ते मनात रचत होते आणि सहज, ओठाच्या कडेला खाज आली म्हणून, त्यांनी तर्जनी वरच्या ओठाखाली आडवी धरली आणि तशीच धरून विचारलं, "मग मोटार चालू झाली का?"

भुवई वर गेली.

सरांनी बोट काढलं. विचारलं. भुवई खाली आली, मान हलली, झाली चालू. सरांनी पुन्हा बोट धरलं, नवीन काही विचारलं. भुवई वर. त्यांनी बोट काढलं. खोलीत आवाज नव्हता, असला तरी एकट्या सरांसाठीच असता. ते आरशाकडे गेले. आयुष्यभर दुसऱ्यांना दाखवलेला आरसा. त्यात बघून ते आवाज न करता म्हणाले, कान. मग म्हणाले, नाक. खिंडीतून जिभेचं टोक दिसलं. आणखी शब्द म्हणून बघितले, त आला की दिसत होतं, द आला की दिसत होतं, न आला, ल आला, दर वेळी ते गुलाबी टोक भिंतीतल्या भगदाडातून डोकावून जात होतं, शाळेच्या कुंपणावरून बघणाऱ्या पोरासारखं. सगळ्या जगाच्या तोंडात जे दातांमागे झाकलेलं असतं ते त्यांच्या तोंडात उघड्यावर पडलं होतं. आणि ही मुलगी शाळेत आली ती त्यांचे दात गेल्यावर. तिनं वाचायला शिकलेलं पहिलं आणि एकमेव तोंड हे होतं. ती ओठ वाचतच नव्हती. ती खिंड वाचत होती.

मग त्यांना मागच्या आठवड्यात आलेली ती बाई आठवली. रस्त्यापलीकडे ऐकणाऱ्या मुलांची मोठी शाळा होती, आणि भुवईला तिथं घ्यायचं चाललं होतं. मुलीला तिथं जायचं होतं. तिची थोरली बहीण तिथं होती, रोज फाटकापाशी दोघींची ताटातूट व्हायची आणि धाकटी वळून वळून बघायची. त्या शाळेतली बाई एक सकाळ येऊन बसली होती. मुलीशी दोन शब्द बोलेन, माझं तिला कळलं तर वर्गात घेईन, एवढंच तिचं म्हणणं. तिनं विचारलं, तुला भाऊ-बहीण आहेत का? भुवई वर. तुझा आवडता रंग? वर. बाई ओशाळली, मुलगी लाल झाली. सर नंतर मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकेला, म्हणाले होते, "त्या बाई ओठच हलवत नाहीत. दगडाशी बोलल्यासारखं बोलतात." ठासून म्हणाले होते. त्या बाईंचे ओठ अगदी व्यवस्थित हलत होते, हे त्यांना आता आरशासमोर आठवत होतं. छान, सावकाश, मायेनं हलत होते. फक्त त्यांचे दात सगळे जागेवर होते. ती परवा पुन्हा येणार होती. मोठ्या बाईंनी गळ घालून तिला आणखी एकदा बोलावलं होतं, आणि हे शेवटचं, असं तिनं गोड बोलून सांगितलं होतं.

सर बाकावर येऊन बसले. राग कुणावर काढावा ते त्यांना कळेना. आरशावर? तो बिचारा वाचला, एवढाच त्याचा दोष. बायकोवर? तिनं दात बसवायला लावले नसते तर हे कळलंही नसतं, म्हणजे तिचे उपकारच, आणि हा विचार त्यांना सगळ्यांत जास्त बोचला. आपण किती चांगले मास्तर, ही पोर एका वर्षात किती पुढे गेली, पालकसभेत आपण मान कशी हलवली, सगळं त्या भगदाडाच्या जोरावर. पूर्वी एक मुलगा त्यांच्या मिशा बघून शब्द ओळखायचा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मिशा काढल्या होत्या आणि तेव्हापासून नव्या शिक्षकांना सांगत आले होते, आपल्या तोंडाची सवय लागू देऊ नका, मुलांना दहा तोंडं दाखवा, शिपायाचं दाखवा, पोस्टमनचं दाखवा. स्वतःच्या दातांचं मात्र त्यांना सुचलं नाही. दात असताना त्यांची आठवण कुणाला येते, आणि गेल्यावर कोण दुसऱ्याच्या डोळ्यांनी आपल्या तोंडात बघतं.

दारात मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. पूर्वी याच खोलीत त्या सरांच्या हाताखाली शिकल्या होत्या, त्यामुळे अजून चप्पल काढल्याशिवाय आत येत नसत. "अय्या सर, दात बसवलेत म्हणे. दाखवा की."

"खिशात आहेत."

"खिशात?"

सरांनी सगळं सांगितलं. बोट धरून दाखवलं, बोट काढून दाखवलं. मुलगी आळीपाळीनं दोघांकडे बघत होती. मोठ्या बाई मटकन बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "सर, परवा असं करू. त्या बाई नुसत्या बसतील. प्रश्न तुम्ही विचारायचे. असेच, खिशात ठेवून. तिला येतं, हे एकदा दिसलं की त्या घेतील. पुढचं पुढं."

"आणि पुढं काय? तिच्या दप्तरात घालून मला पाठवणार आहात का?"

"चिडू नका."

"चिडू नको तर काय करू? तिथं एक बाई येईल, मग गणिताचे सर येतील, मग कुणी मिशावाला येईल. सगळ्यांचे दात पाडायचे का? डबा खाताना शेजारची पोरगी काही म्हणेल, हिला कळेल का?"

"मला का बोलताय, सर? मी काय तुमचे दात पाडले?"

"नाही," सर म्हणाले. "तुम्ही आत आलात म्हणून तुम्हाला बोलतोय. चप्पल काढून येता, तेवढं ऐकून घ्या."

मोठ्या बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "परवापर्यंत जमेल तिला, दात असलेलं तोंड वाचायला?" त्यांनी विचारलं. त्या गेल्यावर सरांनी रुमाल उलगडला, कवळी पाण्याच्या बाटलीतल्या घोटभर पाण्यानं धुतली आणि अंगठ्यानं दाबून बसवली. आकडा कट्‌ करून लागला. तोंड भरून गेलं, चव गेली, जीभ कोपऱ्यात जाऊन बसली. मुलीनं ते सगळं बघितलं आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते सरांना नको तितकं कळलं. पाहुणे आल्यावर घरातल्या लहान मुलाला स्वयंपाकघरात पाठवतात, तेव्हा त्याच्या डोळ्यांत तेच असतं.

त्यांनी सुरुवात केली. सोपे शब्द घेतले. तोंड मोठं करून, एक एक अक्षर ओढून. दा... र. ना... व. ओठ इतके ताणले की कोपरे दुखायला लागले. घरोघरच्या आयांना ते नेहमी बजावत, मुलांशी तोंड वेडंवाकडं करून बोलू नका, नेहमीचं बोला, नेहमीचंच त्यांना शिकायचंय. आणि आज ते स्वतः जत्रेतल्या मुखवट्यासारखं तोंड करून बसले होते. मुलगी चुकत होती. दारला गार म्हणाली. नावला काहीच म्हणाली नाही. सर मान हलवत, पुन्हा म्हणत, पुन्हा चूक, आकडा हिरडीत रुतत होता, स शीळ घालत होता, आणि दर चुकीला त्यांचं तोंड आणखी मोठं होत होतं. तिनं खुणेनं म्हटलं, काढा. त्यांनी मान हलवली, नाही. तिनं रुमालाच्या खिशाकडे बोट दाखवलं. नाही. तिनं एकदा त्यांच्या तोंडाकडे हात नेला. त्यांनी तो धरून खाली ठेवला, जरा जोरानं. मग तिनं बाकावर डोकं टेकलं, चेहऱ्यावर हात घेतले आणि डोळे मिटले.

तुम्ही आम्ही रुसलो तर तोंड फिरवतो, तरी आवाज येतच राहतो. ती डोळे मिटते तेव्हा सगळं जग बाहेर राहतं. दार लावून कडी घालावी तसं. तिच्याशी बोलायला मग काही शिल्लक राहत नाही. खांद्यावर हात ठेवला तर तिनं खांदा झटकला. सर आपल्या जागेवर येऊन बसले. परवा. काही नाही व्हायचं परवापर्यंत. परवा ती बाई येईल, भुवई वर जाईल, बाई गोड बोलेल आणि निघून जाईल, आणि फाटकापाशी या दोघी बहिणींची ताटातूट होत राहील, आणि मी निवृत्त होईन, आणि ही उरलेलं आयुष्य माझ्यासारखं फुटकं तोंड शोधत फिरेल. खिडकीतून उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. शिकवायला आता कुणी नव्हतं, म्हणून ते नुसतेच बडबडायला लागले, घरी बाथरूममध्ये बडबडतात तसे, स्वतःशी, भराभर, वैतागून, ओठ न ताणता.

"कंटाळा आला. खरंच कंटाळा आला मला. हे दात नाहीत, आगंतुक आहे आगंतुक. तोंडात येऊन खुर्ची टाकून बसलाय. उठायचं नाव घेत नाही. चहा त्याला आधी, बिस्किट त्याला आधी, आणि मी आपला कोपऱ्यात उभा. माझ्याच घरात. कुणी त्याला ऊठ म्हणायला तयार नाही. डॉक्टर म्हणते राहू दे. बायको म्हणते छान दिसतोय."

ते थांबले, कारण बाकाचा पाय फरशीवर घासला.

डोकं टेकलेली मुलगी उठून उभी होती. डोळे तिनं केव्हा उघडले होते, बोटांच्या फटीतून ती केव्हापासून बघत होती, हे त्यांना कधीच कळलं नाही. ती चालत त्यांच्यासमोर आली. दोन्ही भुवया जागच्या जागी होत्या. तिनं एका हातानं सरांची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं त्यांचा वरचा ओठ उचलला, वाकली, आणि आतल्या त्या गुलाबी-पांढऱ्या पाहुण्याकडे नीट रोखून बघितलं. मग आपल्या जाड, खोल, वर्गात क्वचितच काढलेल्या आवाजात, एक एक शब्द सुटा करून, ती त्याला म्हणाली, "ऊठ. ही सरांची जागा आहे."